मॉरिशसमध्ये संसार मांडताना : पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शन

नोकरी, शिक्षण किंवा जोडीदाराची बदली अशा कारणाने मॉरिशसला काही वर्षे राहायला जाणाऱ्या मराठी माणसाला परकेपणापेक्षा ओळखच अधिक फसवते. नोटांवर देवनागरी अक्षरे दिसतात, घरांच्या अंगणात हनुमानाचे छोटे देऊळ आणि बांबूवर लाल झेंडी दिसते, गणेश चतुर्थीला राष्ट्रीय सुटी असते, आणि मग आपण भारताच्याच एखाद्या दूरच्या किनाऱ्यावर आलो आहोत अशी समजूत होते. या समजुतीवर विसंबून घर, शाळा, भाषा आणि शेजार यांचे निर्णय घेणारे लोक पहिल्या सहा महिन्यांत नाहक चिडचिड ओढवून घेतात. म्हणून पुढील सूचना कोणत्या क्रमाने काय करावे हे सांगतातच, शिवाय कोठे काय गृहीत धरू नये हेही सांगतात.

निघण्यापूर्वी

पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीय पारपत्रधारकांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसे पैसे यांचा पुरावा दाखवल्यावर तो विमानतळावरच मिळतो. मात्र या प्रवेशावर नोकरी करता येत नाही, आणि ‘आधी जाऊन बसू, मग कागद करू’ हा बेत धोक्याचा आहे. नोकरीसाठी जाणाऱ्याने कंपनीमार्फत परवान्याची प्रक्रिया निघण्यापूर्वीच सुरू करावी. त्यासाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला, शैक्षणिक प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती आणि रक्ततपासणी व छातीचा एक्स-रे यांचे अहवाल लागतात. विवाहित असल्यास विवाह नोंदणीचे प्रमाणपत्रही हाताशी ठेवावे. प्रवासापूर्वी भरायचा ऑनलाइन अर्ज विसरू नये.

सामान भरताना आपली सवय आवरावी लागते. ताजी फळे, रोपे आणि बियाणे परवान्याशिवाय नेता येत नाहीत, तेव्हा हापूसची पेटी आणि परसबागेसाठी बांधून घेतलेली मेथी-कोथिंबिरीची बी घरीच राहू द्यावी. ई-सिगारेटला बंदी आहे. औषधांच्या बाबतीत तेथील कायदा कडक आहे. झोपेच्या गोळ्या, काही वेदनाशामके आणि कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आपल्याकडे सहज मिळत असली तरी तेथे ती नियंत्रित द्रव्यांत मोडू शकतात, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी मूळ स्वरूपात जवळ बाळगावी आणि शंका असल्यास आधी परवानगी घ्यावी. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट असला तरी भिंतीवरचे सॉकेट बहुधा ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिनांचे असते, तेव्हा तीन-चार अडॅप्टर सोबत न्यावेत. कुकर, मिसळणाचा डबा आणि पोळपाट-लाटणे नेण्यास हरकत नाही; मसाले, डाळी, तांदूळ आणि कणीक तेथे सर्वत्र मिळतात.

पहिला आठवडा

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, माहेबुर्ग गावाजवळ आहे आणि राजधानी पोर्ट लुई वायव्येला. दोहोंमधील अंतर सुमारे तासाभराचे आहे. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे, कारण मीटरवर विसंबण्याची पद्धत तेथे नाही. घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे लावावे. मॉरिशस मलेरियामुक्त असल्यामुळे भारतातून आलेल्या प्रवाशाशी आरोग्य खात्याचा कर्मचारी पुढील दिवसांत संपर्क साधून रक्ताचा नमुना मागू शकतो. ही नेहमीची दक्षता आहे, तिला घाबरू नये आणि तिच्याकडे दुर्लक्षही करू नये.

सिमकार्ड पारपत्र दाखवून घ्यावे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून यूपीआयची सोय तेथे सुरू झाली आहे, परंतु भाजीवाला, बस वाहक आणि दालपुरीची गाडी यांच्याकडे रोख रक्कमच सोयीची पडते. आणीबाणीसाठी पोलिसांचा ९९९, वैद्यकीय मदतीचा ११४ आणि अग्निशामक दलाचा ११५ हे क्रमांक त्याच दिवशी फोनमध्ये घालून ठेवावेत.

घर कोणत्या भागात घ्यावे

हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच लोक घाईत, बहुधा समुद्राचे छायाचित्र पाहून, घेतात. मुख्य बेट जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटरचे असले तरी त्यात चार निरनिराळी हवामाने नांदतात. आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर धडकतात, मधल्या पठारावर चढताना पाऊस टाकतात आणि पश्चिमेला पोहोचेपर्यंत कोरडे होतात. त्यामुळे फ्लिक-आं-फ्लाक आणि तामारें या पश्चिम किनाऱ्यावरच्या गावांत लख्ख ऊन असताना, तासाभराच्या अंतरावर, सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या क्युरपीपमध्ये धुके आणि झिमझिम पाऊस असतो. क्युरपीपमध्ये कपाटातल्या कपड्यांना आणि चामड्याच्या चपलांना बुरशी धरते. दम्याचा त्रास असलेल्यांनी तेथे राहण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पोर्ट लुई डोंगरांच्या कुशीत, वाऱ्याच्या आडोशाला असल्याने उन्हाळ्यात तापते. १८६६-६७ च्या मलेरियाच्या भीषण साथीनंतर राजधानीतील सधन कुटुंबे पठारावर सरकली आणि बो-बासें, रोझ हिल, कात्र बोर्न, व्हाक्वा आणि क्युरपीप ही एकमेकांना चिकटलेली शहरे वाढली. आजही बेटावरील मोठा नोकरदार वर्ग याच पट्ट्यात राहतो.

ऋतू आपल्या उलट चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पावसाळा, मे ते ऑक्टोबर हिवाळा. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर स्वेटर आणि जाड पांघरूण लागते, हे ‘उष्णकटिबंधीय बेट’ एवढेच ऐकून आलेल्यांना खरे वाटत नाही.

माझे मत विचाराल तर एबेन येथील संगणक-उद्योगांच्या परिसरात नोकरी असलेल्याने कात्र बोर्न किंवा रोझ हिलला घर घ्यावे. बाजार, दवाखाने, शाळा आणि मेट्रो जवळ असतात, उन्हाळा सुसह्य असतो, आणि शेजार पर्यटकांचा नव्हे तर तेथील कुटुंबांचा मिळतो. उत्तर किनाऱ्यावरचे ग्रां बे सुंदर आहे, पण तेथे राहून एबेनला रोज जाणारा माणूस समुद्र केवळ रविवारी पाहतो आणि उरलेले सहा दिवस राजधानीच्या वाहतूक कोंडीत काढतो.

घर पाहताना छपरावर पाण्याची टाकी आहे का, सौर बंब चालतो का आणि खिडक्यांना वादळात लावायच्या झडपा आहेत का हे तपासावे. पावसाळा सुरू होण्यापूर्वीच्या महिन्यांत जलाशय उतरतात आणि नळाचे पाणी ठराविक तासच येते, तेव्हा टाकीवाचून हाल होतात. वीज आणि पाण्याची जोडणी कोणाच्या नावावर राहील, अनामत रक्कम किती आणि कोणत्या अटीवर परत मिळेल, हे करारात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन देणारा घरमालक सज्जन असू शकतो, पण त्याचा भाऊ नेहमी असतोच असे नाही.

भाषा : हिंदीवर विसंबू नये

सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये आणि जगणे क्रिओल या फ्रेंचमधून घडलेल्या बोलीत, अशी तेथील भाषांची साधारण वाटणी आहे. हिंदी अनेकांना समजते, कारण चित्रपट आणि मालिका घरोघरी पाहिल्या जातात. खेड्यांतील वृद्ध भोजपुरीत बोलतात. तरीही बसमध्ये किंवा दुकानात समोरच्याचा चेहरा पाहून थेट हिंदी सुरू करू नये. तो माणूस चौथ्या किंवा पाचव्या पिढीचा मॉरिशियन असतो, त्याची घरची भाषा क्रिओल असते, आणि ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा आपल्या दृष्टीने आपुलकीचा प्रश्न त्याला आगाऊ वाटू शकतो.

पहिल्या महिन्यात थोडी वाक्ये तोंडात बसवावीत. दुकानात शिरताना ‘बोंझूर’ म्हटल्याशिवाय काहीही मागू नये. हा शिष्टाचार फ्रेंच काळापासून चालत आला असून तो न पाळणारा ग्राहक उद्धट समजला जातो. ‘कि मान्येर?’ म्हणजे कसे काय. त्यावर ‘कोरेक’ म्हणजे ठीक. ‘कोम्ये सा?’ म्हणजे हे कितीला. ‘मो पा कोंप्रां’ म्हणजे मला समजले नाही. अनोळखी आणि वडीलधाऱ्या व्यक्तीला ‘ऊ’ म्हणावे, ‘तो’ हे संबोधन मित्रांपुरते ठेवावे; आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांची सवय असलेल्याला हे अवघड जात नाही. क्रिओलमध्ये क्रियापदांची रूपे फारशी बदलत नसल्यामुळे महाविद्यालयात फ्रेंचच्या व्याकरणाने हैराण झालेली माणसेही ती चटकन बोलू लागतात.

मुलांच्या शाळेबाबत एक सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरकारी प्राथमिक शाळांत इंग्रजी आणि फ्रेंचबरोबर एक पर्यायी भाषा घेता येते. त्यांत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, मंदारिन आणि अरबी आहेत, आणि २०१२ पासून क्रिओलही आहे. मराठी सर्वच शाळांत शिकवली जात नाही, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी चौकशी करावी. माझ्या मते लहान मुलांसाठी मराठी घरी राखून शाळेत फ्रेंचकडे अधिक लक्ष देणे शहाणपणाचे ठरते, कारण वर्गातील मुलांना फ्रेंच कानावर पडून पडून आधीच येत असते आणि आपले मूल तेथेच मागे पडते.

जाणे-येणे

बसचे जाळे बेटभर आहे आणि वाहक चढल्यावर तिकीट देतो. ते उतरेपर्यंत सांभाळावे, कारण तपासनीस मध्येच चढतात. संध्याकाळनंतर बसगाड्या झपाट्याने कमी होतात, आणि खेड्याकडची शेवटची गाडी चुकली तर टॅक्सीवाचून गत्यंतर नसते. मेट्रोची प्रवासी सेवा जानेवारी २०२० मध्ये पोर्ट लुई ते रोझ हिल सुरू झाली, २०२२ मध्ये ती क्युरपीपपर्यंत पोहोचली आणि पुढे एबेनमार्गे रेद्विची शाखाही जोडली गेली. या पट्ट्यात राहणाऱ्याला पहिली काही महिने तरी मोटारीची निकड भासत नाही. वाहने डाव्या बाजूनेच चालतात. मात्र मोठ्या वर्तुळाकार चौकांत आधीपासून आत असलेल्या वाहनाला वाट द्यावी लागते, आणि पुणे-मुंबईच्या रस्त्यांवर घडलेल्या चालकाला ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो.

बाजार आणि स्वयंपाकघर

आठवड्याच्या बाजाराचे वार पाठ करावेत. माहेबुर्गचा बाजार सोमवारी भरतो, फ्लाकचा मोठा बाजार रविवारी. कात्र बोर्नला बुधवारी आणि शनिवारी भाजी, तर गुरुवारी आणि रविवारी कपडे मिळतात. पठारावरच्या शहरांत अनेक दुकाने गुरुवारी आणि रविवारी दुपारनंतर बंद होतात, हे आधी ठाऊक नसले की हेलपाटे पडतात.

भाज्या जवळपास सगळ्या आपल्याच आहेत, फक्त त्यांची नावे वेगळी आहेत. भेंडीला ‘लालो’, कारल्याला ‘मार्गोझ’, दोडक्याला ‘पिपांगाय’, वांग्याला ‘ब्रेंजेल’, कोथिंबिरीला ‘कोतोमिली’ म्हणतात. पालेभाजी म्हणजे ‘ब्रेद’, आणि तिचा मान तेथे मोठा आहे: ‘ब्रेद मुरुम’ म्हणजे शेवग्याचा पाला, ‘ब्रेद सोंझ’ म्हणजे अळू. शेवग्याचा पाला आपल्याकडे शहरांतून जवळजवळ हद्दपार झाला असताना तेथे त्याची पातळ, लसणाची फोडणी दिलेली भाजी रोजच्या भाताबरोबर असते. ती शेजारणीकडून अवश्य शिकून घ्यावी. ‘शुशू’ नावाची फिकट हिरवी फळभाजी दुधीच्या जागी चालते, आणि तिचे कोवळे शेंडेही शिजवतात.

बाहेर खायचे तर सुरुवात दालपुरीने करावी. चण्याची डाळ शिजवून, बारीक दळून, हळद-जिरे घालून भरलेली ही मऊ पोळी नेहमी जोडीने देतात. तिच्यात वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची ‘रुगाय’ आणि लोणचे भरून गुंडाळी करून देतात. ‘पिमां’ हवी का असे विचारतील, तेव्हा थोडीच मागावी. ही वाटलेली मिरची कोल्हापूरकरांनाही नमवते. ‘गातो पिमां’ म्हणजे डाळीचे लहान वडे, जे सकाळी लोण्याच्या पावात घालून खातात. परतलेल्या चिनी शेवया, मुसलमानी पद्धतीची बिर्याणी आणि तमिळ घरच्या लग्नात केळीच्या पानावर वाढलेल्या सात भाज्या हे सारे एकाच गावात मिळते आणि सर्व समाजांतील लोक ते खातात.

शाकाहारी व्यक्तीने नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण त्यात मासळी आणि अंडे आले असे समोरच्याला वाटेलच याची खात्री नसते, आणि चिनी पदार्थांत माशाचा किंवा कालवांचा रस असू शकतो. एक सोपा मार्ग आहे: तेथील हिंदू उपवासाच्या किंवा सोवळ्याच्या दिवसांत ‘कारेम’ पाळतात, आणि ‘मो पे फेर कारेम’ एवढे म्हटले की गाडीवाल्याला मांस, मासळी, अंडे यांपैकी काहीही चालणार नाही हे न सांगता कळते.

वादळाचा हंगाम

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ आहे. १९६० च्या ‘कॅरोल’ वादळाने हजारो हलकी घरे उडवून नेल्यानंतर बेटावर सिमेंटच्या भिंती आणि सपाट स्लॅबची घरे सर्वत्र उभी राहिली, त्यामुळे आज धोका घर कोसळण्यापेक्षा पूर, उडणारे पत्रे आणि दिवसेंदिवस वीज-पाणी जाण्याचा अधिक आहे. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या.

इशारे एक ते चार अशा वर्गांत दिले जातात. पहिला वर्ग साधारण ३६ ते ४८ तास आधी लागतो. त्याच दिवशी पिण्याचे पाणी, मेणबत्त्या, बॅटऱ्या, कोरडा शिधा, औषधे आणि रोख रक्कम यांची बेगमी करावी आणि टाकी भरून घ्यावी. दुसऱ्या वर्गात शाळा बंद होतात. गच्चीवरच्या कुंड्या, खुर्च्या, वाळत घालायच्या काठ्या आत घ्याव्यात. तिसरा वर्ग लागला की कामे थांबतात आणि सर्वांनी घरी पोहोचायचे असते. ‘एवढे काम उरकून निघतो’ हे तेथे शौर्य मानले जात नाही. चौथ्या वर्गात ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत प्रत्यक्ष नोंदले गेलेले असतात, आणि दार उघडायचे नाही. मध्येच वारा एकदम पडला, आकाश उजळले, तरी बाहेर पडू नये: तो वादळाचा डोळा असतो आणि थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. नंतर काही दिवस नळाचे पाणी उकळून प्यावे आणि कुंड्या-टायरांत साचलेले पाणी ओतून टाकावे, कारण २००५-०६ मधील चिकनगुनियाची मोठी साथ लोक विसरलेले नाहीत.

समुद्र

बेटाभोवती प्रवाळाचा कट्टा असल्याने बहुतेक किनारे शांत, उथळ खाजणासारखे आहेत. परंतु दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ तो कट्टा तुटलेला आहे आणि तेथे पोहणे जिवावर बेतते. पाण्यात रबरी जोडे घालावेत, कारण दगडासारखा दिसणारा विषारी मासा आणि समुद्री साळू तळाशी असतात. शंख आणि प्रवाळ उचलू नयेत. रविवारी कुटुंबे सुरूच्या झाडांखाली भाताची पातेली, बिर्याणीचे डेग आणि ‘रावान’ हे चामड्याचे वाद्य घेऊन येतात आणि सेगा हा तेथील नाचगाण्याचा प्रकार रंगतो. बोलावले तर संकोच न करता जावे, पण जाताना काहीतरी खायला घेऊन जावे.

माणसे, सण आणि तेथील मराठी

मॉरिशसमध्ये हिंदू, तमिळ, तेलुगू आणि मराठी हे चार समाज व्यवहारात वेगळे मानले जातात, आणि प्रत्येकाच्या संस्था, देवळे व सणही वेगळे आहेत. ‘तमिळ म्हणजे हिंदूच ना?’ असा प्रश्न आपल्याला निरुपद्रवी वाटला तरी तो टाळावा. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापल्याने एवढा निषेध झाला की त्या नोटा परत घ्याव्या लागल्या.

१८३४ पासून करारबद्ध मजूर तेथे येऊ लागले, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकण व पश्चिम महाराष्ट्रातील माणसे होती. त्यांचे वंशज आज संख्येने थोडे असले तरी संघटित आहेत; देवळांत आरत्या आणि भजने मराठीत होतात, जाखडी नाच टिकून आहे, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे शिक्षण मिळते. मात्र ‘मी मराठी’ असे अभिमानाने सांगणारा तरुण आपल्याशी मराठीत दोन वाक्येही बोलू शकणार नाही, अशी पुष्कळ शक्यता आहे. त्याच्या उच्चारांना हसू नये, चुका दुरुस्त करू नयेत आणि ‘आमच्याकडे असे नसते’ हे वाक्य भारतातच ठेवून यावे. गणेश चतुर्थीला जवळच्या मराठी देवळात जाऊन कामाला हात लावावा. प्रमुख पाहुणा म्हणून बसवण्याचा आग्रह होईल, तो नम्रपणे टाळावा.

महाशिवरात्रीच्या आधीच्या दिवसांत लाखो लोक पांढऱ्या वस्त्रांत, सजवलेली कावड घेऊन गंगा तलावाकडे पायी जातात. त्या काळात पठारावरचे रस्ते संथ होतात, म्हणून गाडीने लांबचे बेत करू नयेत. चालायला गेलात तर वाटेवर जागोजागी लोक पाणी आणि खाणे फुकट देतात, ते नाकारू नये. सप्टेंबरात पेर लावाल या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या समाधीकडे सेंत-क्रुआला रात्रभर चालत जाणाऱ्यांत ख्रिस्ती लोकांबरोबर हिंदू आणि मुसलमानही असतात.

वर्षाच्या शेवटी सगळे ठप्प होते. डिसेंबरात तेराव्या महिन्याचा पगार मिळतो, बाजार ओसंडतात, गवंडी आणि प्लंबर सुटीवर जातात, आणि १ व २ जानेवारी हे दोन्ही दिवस सार्वजनिक सुटीचे असतात. झडप दुरुस्त करून घेणे, गळणारी गच्ची भरून घेणे, परवान्याचे नूतनीकरण ही कामे नोव्हेंबरातच उरकावीत, कारण जानेवारीत कारागीर परत येईपर्यंत पहिला इशारा लागलेला असू शकतो.